विष कुठे असतं?

मी सातवीत होतो त्या मे महिन्यात आमच्या काकांना फुरसं चावलं. कलमांच्या बागेत, दिवेलागणीच्या वेळी, पाचोळ्यातून सुकी लाकडं गोळा करताना. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन बारीक ठिपके आणि पाचच मिनिटांत टरारून सुजलेला हात.

घरात गडबड उडाली. कुणी सुतळी आणली, कुणी ब्लेड. आजी ओटीवर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "गेल्या साली तुझ्या काकानं जोड्यातलं एक मारलीन होतं, त्याचा डूख धरलान मेल्यानं." शेजारच्या दादानं ते जनावर ठेचून प्लास्टिकच्या पिशवीत भरलं होतं. ती पिशवी घेऊन आम्ही रिक्षानं तालुक्याच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पिशवीकडे बघितलंही नाही. त्यांनी काकांच्या दुसऱ्या हातातून थोडं रक्त काढलं, एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी केली आणि म्हणाले, "वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही." भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आम्ही उभे. वीस मिनिटांनी त्यांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं, गोठलंच नव्हतं. "विष आत गेलंय," ते म्हणाले आणि सलाईनमधून औषध सुरू झालं. रात्री पुन्हा नळी भरली, सकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी दुपारी नळी तिरपी केली तेव्हा रक्त लालभडक चकतीसारखं तळाशी घट्ट बसलं होतं. काका वाचले.

पुढे बरीच वर्षं मला त्या दिवसातली दोन उत्तरं आठवत राहिली. विष कुठे असतं? आजीच्या मते सापाच्या मनात, त्यानं धरलेल्या डुखात. डॉक्टरांच्या मते त्या क्षणी ते काकांच्या रक्तात होतं आणि काचेच्या नळीत दिसत होतं. आजीला हसायचं काही कारण नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे विद्वान नेमक्या याच प्रश्नावर भांडत होते आणि त्यांतल्या काहींचं उत्तर अगदी आजीचंच होतं.

पित्त पिणारा माणूस

१६६०च्या दशकातलं इटलीतलं फ्लॉरेन्स. तिथल्या राजदरबारात फ्रांचेस्को रेदी नावाचा वैद्य होता. दरबाराच्या औषधशाळेची जबाबदारी त्याच्याकडे होती. त्या काळी युरोपात ‘थेरियाक’ नावाचं सर्वरोगहारी औषध बनत असे आणि त्यात व्हायपर जातीच्या सापांचं मांस लागत असे. त्यासाठी नेपल्सहून जिवंत साप आले आणि त्यांच्याभोवती विद्वानांची चर्चा सुरू झाली. यांचं विष नेमकं असतं कुठे?

जुन्या ग्रीक-रोमन ग्रंथांपासून चालत आलेलं उत्तर होतं, पित्ताशयात. कुणी म्हणे शेपटीत, कुणी म्हणे लाळेत. वाद चालू असताना याकोपो सोझ्झी नावाचा साप पकडणारा कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. रेदीनंच पुढे लिहून ठेवलंय की सोझ्झी हसत पुढे आला, त्यानं सापाचं पित्त घेतलं, थंड पाण्यात कालवलं आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. त्याला काहीही झालं नाही. दातांतून निघणारा पिवळसर द्रवही तो प्यायला. तरी तो ठणठणीत.

मला ही हकीकत आवडते ती एवढ्यासाठी की उत्तर ग्रंथ वाचणाऱ्यांकडे नव्हतं, रोज साप हाताळणाऱ्याकडे होतं. पण सोझ्झीला जे अनुभवानं ठाऊक होतं, त्याचा पुरावा रेदीनं उभा केला. त्यानं सापाच्या दातांभोवतीच्या आवरणातून तो पिवळा द्रव काढला आणि कोंबड्या-कबुतरांच्या जखमांवर लावला. पक्षी मेले. मेलेल्या सापाच्या तोंडातला द्रव लावला, तरी मेले. पित्त लावलं, तर जगले. निष्कर्ष सरळ होता. विष म्हणजे हा पिवळा द्रव. पोटात गेलं तर ते बाधत नाही, जखमेतून रक्तात गेलं की मारतं. १६६४ साली त्यानं हे सगळं पुस्तकरूपानं छापलं.

त्याच सुमारास हिंदुस्थानातून परतलेल्या काही पाद्र्यांनी दरबारात ‘सर्पमणी’ आणले होते. दंशावर ठेवला की विष शोषून घेणारा दगड, अशी त्यांची ख्याती. रेदीनं विष दिलेल्या प्राण्यांवर ते ठेवून बघितले. प्राणी मेले. आजही जत्रेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या दगडाचा निकाल साडेतीनशे वर्षांपूर्वीच लागलेला आहे.

पॅरिसमधला डूख

सगळ्यांनी हे ऐकलं असं मात्र नाही. पॅरिसमध्ये मोईज शारास नावाचा नामांकित औषधी होता. १६६९ साली त्यानं आपले प्रयोग छापले आणि ठासून सांगितलं की तो पिवळा द्रव निरुपद्रवी आहे. त्यानं तो प्राण्यांच्या जखमांवर लावून बघितला होता आणि प्राणी मेले नव्हते. मग माणूस मरतो कशानं? शारासचं उत्तर होतं, सापाच्या रागानं. चवताळलेल्या सापाच्या शरीरातलं क्षुब्ध झालेलं ‘चैतन्य’ दातांवाटे जखमेत उतरतं आणि मारतं. साप शांत असेल तर विषही नाही.

हा आमच्या आजीचा डूखच आहे, फक्त फ्रेंच भाषेत.

रेदीनं पुढच्याच वर्षी उत्तर दिलं. मेलेल्या सापाला राग येत नाही, तरी त्याच्या दातांतला द्रव मारतो. एवढा एक मुद्दा पुरेसा होता. पण तरी वाद पुष्कळ वर्षं चालला. कारण शारास खोटं बोलत नव्हता. त्याचे प्राणी खरोखर जगले होते. एकाच सापाच्या विषानं एक प्राणी मरतो आणि दुसरा जगतो, हे कोडं उरलंच होतं.

ते सोडवलं फेलिचे फोंताना या इटालियन शास्त्रज्ञानं, शंभर वर्षांनी. १७८१ सालच्या त्याच्या ग्रंथात आकडे आहेत. सहा हजारांहून जास्त प्रयोग आणि तीन हजारांहून जास्त साप. एवढी आकडेमोड कशासाठी? कारण फोंतानाच्या लक्षात आलं होतं की एका-दोन दंशांवरून काहीच सिद्ध होत नाही. साप किती विष सोडतो, दात किती खोल जातो, चावलं गेलेलं जनावर केवढं आहे, यावर सगळं अवलंबून असतं. पुष्कळदा साप चावूनही विष अगदी थोडं जातं, कधी जातच नाही. अशा वेळी काहीही केलं तरी प्राणी जगतो. मग जे केलं तेच औषध ठरतं. मंत्र, मणी, कोंबडीची पिल्लं लावणं, पाला, ब्लेडनं चिरणं, सगळं ‘गुणकारी’ ठरतं.

पोकळ दात

फोंतानाचं दुसरं काम शरीररचनेचं. त्यानं दात सूक्ष्मदर्शकाखाली उभा-आडवा कापून बघितला. विष दातावरून ओघळत येत नाही, तर दाताच्या आतून येतं. दाताच्या मुळाशी एक भोक, टोकाच्या जरा अलीकडे एक बारीक फट आणि मधे नळी. डॉक्टरांच्या हातात इंजेक्शनची पोकळ सुई आली ती १८५०च्या दशकात. सापाच्या तोंडात ती कोट्यवधी वर्षांपासून होती.

आज आपल्याला ही सगळी यंत्रणा नीट माहीत आहे. डोळ्याच्या मागे, वरच्या जबड्याच्या कडेला विषाची ग्रंथी असते. म्हणूनच बऱ्याच विषारी सापांची गालफडं फुगीर दिसतात. ग्रंथीपासून एक नलिका दाताच्या मुळापर्यंत येते. साप चावतो तेव्हा ग्रंथीभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि विष दाबानं पुढे ढकललं जातं. टूथपेस्टची ट्यूब मागून दाबावी तसं.

पण सगळ्या विषारी सापांची सुई सारखी नसते. नाग आणि मण्यारचे विषदंत आखूड असतात आणि जबड्यात पुढे घट्ट बसवलेले असतात. घोणस आणि फुरशाचे लांब असतात. एवढे लांब की तोंड मिटताना ते टाळूला समांतर घडी घालून ठेवावे लागतात. त्यांच्या वरच्या जबड्याचं हाड बिजागरीसारखं फिरतं. तोंड उघडलं की दात पुढे येतात, मिटलं की आत जातात. त्यामुळे त्यांचं विष खोल मांसात उतरतं. वरून चिरून, तोंडानं ओढून ते बाहेर येईल ही आशा व्यर्थ आहे. ब्लेडनं फक्त आणखी एक जखम होते, आणि ज्याचं रक्त गोठायचं थांबलंय त्याच्यासाठी ती जीवघेणी ठरते. काकांच्या वेळी ब्लेड वापरायच्या आधी रिक्षा आली, हे आमचं नशीब.

आणि विष म्हणजे तरी काय? ते मुळात सापाच्या जेवणाची सोय आहे. सापाला हात नाहीत, चावून तुकडे करणारे दात नाहीत. त्याला उंदीर अख्खा गिळावा लागतो आणि झटापटीत उंदरानं डोळा फोडला तर जन्माचं नुकसान. म्हणून आधी त्याला गप्प करायचं, मग गिळायचं. आपण त्याच्या जेवणात बसत नाही. आपल्यावर खर्च केलेलं विष त्याच्या दृष्टीनं वायाच जातं. डूख धरायला लागणारी स्मृती आणि हिशोब त्याच्या मेंदूत नाही. अंधारात पाचोळ्यात आलेला हात आणि त्या क्षणाची भीती, एवढंच त्यामागे असतं. आजी आम्हाला रात्री "पाय वाजवत चाल" म्हणायची, ते मात्र शंभर टक्के बरोबर होतं. जमिनीतून येणारी कंपनं सापाला शरीरावाटे, जबड्याच्या हाडावाटे कळतात आणि तो बाजूला होतो.

ओळख आणि मोजणी

युरोपातल्या या प्रयोगांत साप एकाच कुळातले होते. इथे हिंदुस्थानात प्रश्न वेगळा होता. इथे साप शेकड्यांनी प्रकारचे आणि त्यांतले विषारी कोणते हेच गोऱ्यांना कळत नव्हतं.

पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर १७८५पासून मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्ग-अभ्यासक होता. त्याचं बरंच काम विशाखापट्टणमच्या बाजूला झालं. त्यानं लोकांकडून साप गोळा केले, त्यांची तेलुगू नावं टिपली, दात तपासले, चित्रं काढून घेतली. १७९६ साली त्याचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा सचित्र ग्रंथ निघाला. आपल्या घोणशीच्या शास्त्रीय नावात आजही रसेल आहे. तेव्हा गाजत असलेल्या ‘तंजावर गोळ्या’ त्यानं प्राण्यांवर तपासल्या. सोमल घातलेल्या त्या गोळ्यांनी भरवसा ठेवावा असा गुण काही आला नाही.

पुढचं मोठं नाव जोसेफ फेरर. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातला हा सर्जन. त्यानं प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवली. बंगाल इलाखा आणि इतर काही प्रांतांतून १८६९ या एका वर्षात सर्पदंशाचे अकरा हजारांहून जास्त मृत्यू नोंदले गेले होते. १८७२ साली त्याचा भलामोठा ग्रंथ आला. त्यातली सापांची रंगीत चित्रं कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेतल्या देशी विद्यार्थ्यांनी काढली होती. फेररनं तोवर ऐकिवात असलेले उतारे एकेक करून तपासले आणि प्रामाणिकपणे लिहिलं की यांतला एकही चालत नाही.

पण त्याच्या हाती एक महत्त्वाचा धागा लागला. लंडनच्या लॉडर ब्रंटनबरोबर केलेल्या प्रयोगांत दिसलं की नागाचं विष दिलेला प्राणी श्वास थांबून मरतो. त्याचं हृदय त्यानंतरही काही वेळ चालू असतं. भात्यानं कृत्रिम श्वास देत राहिलं तर तो कितीतरी जास्त वेळ जगतो. नागाचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर बसतं. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. आधी पापण्या जड होतात, मग बोलणं अडखळतं, शेवटी छाती हलायची थांबते. आज नाग किंवा मण्यार चावलेल्या रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवतात, त्यामागचा विचार १८७०च्या दशकातला आहे.

सरकारनं मात्र सोपा मार्ग धरला. मारलेल्या सापामागे बक्षीस. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ साली बक्षिसाची रक्कम वाढवल्यावर थोड्याच दिवसांत एक लाखाच्या वर फुरशी मारून आणली गेली, अशी नोंद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. एक लाख! तरी फुरशी संपली नाहीत. जांभ्याच्या सड्यावर, गडग्याच्या दगडांत ती आजही आहेत. आमच्या बागेतही होती.

पिंपातले नाग आणि परळचा बंगला

औषध मिळालं ते अखेर विषातूनच. १८८७ साली अमेरिकेत हेन्री स्यूअलनं कबुतरांना खुळखुळ्या सापाचं विष अगदी थोडं थोडं वाढवत टोचलं. काही आठवड्यांनी ती कबुतरं एरवी मारून टाकणारी मात्रा पचवू लागली. शरीर विषाला ओळखायला आणि अडवायला शिकलं होतं.

१८९१ साली फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत सायगावला गेला. मेकाँगच्या मुखाकडच्या एका गावात पुराचं पाणी शिरलं आणि त्याबरोबर नाग घरांत शिरले. माणसं दगावली. तिथून पकडलेले जिवंत नाग एका पिंपात घालून काल्मेतकडे आले आणि त्याचं संशोधन सुरू झालं. पॅरिसला परतल्यावर, १८९४ साली, त्यानं जाहीर केलं की नागाचं विष टोचून तयार झालेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. त्याच वेळी फिझालिक्स आणि बर्त्रां या दोघांनी व्हायपरच्या विषावर तेच दाखवलं. पुढे घोड्यांना विष टोचून हा द्रव मोठ्या प्रमाणावर बनू लागला. हेच प्रतिविष. आपल्याकडे लोक त्याला ‘सापाचं इंजेक्शन’ म्हणतात.

इथे काल्मेतकडून एक चूक झाली. यशानं होते तशी. त्याला वाटलं, नागाच्या विषावर बनवलेलं हे औषध सगळ्याच सापांवर चालेल. विष म्हणजे विष. लील शहरातून त्याच्या बाटल्या जगभर जाऊ लागल्या.

त्या हिंदुस्थानातही आल्या आणि मुंबईत तपासल्या गेल्या. परळला गव्हर्नरचा जुना बंगला आहे. वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ साली तिथे आली होती. तिथल्या जॉर्ज लॅम आणि विल्यम हॅना या डॉक्टरांनी १९०१ साली दोन गोष्टी मांडल्या. काल्मेतच्या औषधात नागाच्या विषाविरुद्ध नेमकी ताकद किती, हे त्यांनी मोजलं. आणि इथल्या हवेत ठेवून ते उतरतं, हेही दाखवलं. नंतर लॅमनं एकेका सापाचं विष वेगळं घेऊन काम केलं. नागाच्या विषावर बनवलेलं औषध घोणशीच्या विषापुढे जवळजवळ निकामी ठरलं. ऑस्ट्रेलियात मार्टिन आणि ब्राझीलमध्ये व्हिताल ब्राझील याच निष्कर्षाला पोचले होते.

कारण आता कळतं. नागाचं विष स्नायूंचा हुकूम तोडतं. घोणस आणि फुरशाच्या विषातले घटक रक्त गोठवणारी साखळी भलत्या वेळी पेटवतात. नसांत सूक्ष्म गुठळ्या होत राहतात, गोठण्याचं सगळं सामान त्यात संपतं आणि मग जिथे गोठायला हवं तिथे रक्त गोठत नाही. काचेच्या नळीत दिसलं ते हे. १९७०च्या दशकात नायजेरियात फुरशाच्या जातभाईंच्या दंशावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी अशी साधी तपासणी वापरली आणि पुढे ती खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत पोचली. वीज नको, यंत्र नको, फक्त स्वच्छ नळी आणि घड्याळ. अशी दोन निराळी कुलपं असताना एकच किल्ली कशी चालणार?

म्हणून एका ठिणगीपुरतं का होईना, ‘सापाचं विष’ ही गोष्टच परळमध्ये मोडीत निघाली. उरलं ते त्या त्या सापाचं विष.

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. पुढे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषांवर मिळून एकच मिश्र औषध बनवायची पद्धत आपल्याकडे रुळली. ते उष्णतेत टिकावं म्हणून गोठवून-सुकवून त्याची पावडर करायची रीत आली. लॅम आणि हॅनांच्या तक्रारीवरचं हे उत्तर. काकांच्या सलाईनमध्ये गेलं ते हेच.

अजून न सुटलेलं

त्या औषधाची कुपी हातात घेऊन वाचा कधी. एका मिलिलिटरनं नागाचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यारचं ०.४५, घोणशीचं ०.६ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी होतं, असं त्यावर असतं. चार साप, चार आकडे. पण कोणत्या गावचा नाग? कुठलं फुरसं?

देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष अनेक वर्षं एकाच ठिकाणाहून येत आलंय. चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. पूर्वी हे लोक कातड्यासाठी साप धरत. कातड्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं ही संस्था उभी राहिली. इरुळा साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. २०२३ साली त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना पद्मश्री मिळाली. सोझ्झीच्या वंशातली माणसं म्हणायला हरकत नाही. त्यांच्या कामात खोट नाही. अडचण दुसरीच आहे. ते पकडतात ते तमिळनाडूतले साप.

आणि साप गाव बदललं की विष बदलतो. तो काय खातो, कुठे राहतो, वय किती, यावर विषातल्या घटकांचं प्रमाण ठरतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी देशभरच्या सापांची विषं तपासून दाखवलंय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक वेगळं निघतं आणि हेच औषध काही ठिकाणी कमी पडतं. शिवाय राजस्थानातलं मोठं फुरसं, ईशान्येकडचा एका चष्म्याचा नाग, केरळातला नाकाड्या चापडा या सगळ्यांचं विष त्या चार आकड्यांत नाहीच. काल्मेतची चूक आपण चौपट सुधारली. अजून पुरती सुधारलेली नाही.

त्याची किंमत मोठी आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. वर्षाला साधारण ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, पावसाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. भारतानं २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. फेररनं १८६९च्या नोंदी मागवल्या, त्यालाही दीडशे वर्षं होऊन गेली. आपण अजून मोजायलाच शिकतोय.

मरणाऱ्यांतले सगळेच औषध नाही म्हणून मरत नाहीत. पुष्कळजण औषधापर्यंत पोचतच नाहीत. आधी मांत्रिक, मग मणी, मग ब्लेड, मग दवाखाना. आणि कधीकधी दवाखान्यात पोचल्यावर औषध शिल्लक नसतं. म्हणून करायचं एवढंच. चावलेला हात-पाय हलवायचा नाही, घट्ट आवळायचं नाही, चिरायचं नाही, सापाच्या मागे धावायचं नाही, आणि सरळ दवाखाना गाठायचा. साप पिशवीत भरून न्यायची गरज नसते. रक्त, पापण्या आणि श्वास यांवरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

काका आता सत्तरीचे आहेत. अंगठ्याच्या मुळाशी कातडीचा एक आक्रसलेला, काळसर डाग आहे. मे महिन्यात अजून बागेत जातात. हातात लांब काठी असते. आधी पाचोळा बाजूला सारतात, मग लाकूड उचलतात. आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ती म्हणायची, त्यानं डूख धरला होता. काका तिच्याशी कधी वाद घालत नसत. फक्त कुणी अंगठ्याबद्दल विचारलं की ती वीस मिनिटं सांगत बसत, टेबलावरची नळी आणि भिंतीवरचं घड्याळ.